प्राणीसंग्रहालयात कासव पाहताना : कोल्हापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

शाळेची सहल निघाली किंवा मे महिन्याच्या सुट्टीत पाहुणे आले, की प्राणीसंग्रहालयाचा बेत ठरतो. झोपलेल्या वाघासमोरही माणसे अर्धा तास उभी राहतात, पण कासवांच्या कुंपणापाशी कुणी टेकत नाही. खरे तर इतक्या जवळून, इतका वेळ आणि इतक्या निवांतपणे पाहता येईल असा दुसरा प्राणी तिथे क्वचितच असतो. पालक, शिक्षक आणि मुलांकडून वारंवार येणारे प्रश्न इथे उत्तरांसह दिले आहेत.

कोल्हापुरातून कासवे बघायला कुठे जायचं?

एका दिवसात जाऊन यायचे असेल तर पुण्याचे कात्रज सर्वात सोयीचे. राजीव गांधी प्राणीसंग्रहालय पुण्याच्या दक्षिण टोकाला, म्हणजे आपल्या बाजूलाच आहे. त्यामुळे शहराच्या मध्यापर्यंत जावे लागत नाही. पहाटे पाचला तावडे हॉटेलपाशी हायवेला लागलात, तर वाटेत चहा-नाश्ता करूनही दार उघडायच्या सुमारास पोहोचता. तिथल्या सर्पोद्यानाच्या भागात साप, मगरी आणि कासवे आहेत. बुधवारी बंद असते हे लक्षात ठेवा. बुधवारी दारातून परतलेली कुटुंबे दरवर्षी भेटतात.

मुंबईला जाणे होणार असेल तर राणीची बाग, म्हणजे भायखळ्याचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. महालक्ष्मी एक्सप्रेसने सकाळी दादरला उतरून लोकलने भायखळा गाठता येते. तीही बुधवारी बंद. बेळगावच्या अलीकडे हायवेजवळ भुतरामहट्टीला राणी चन्नम्मा प्राणीसंग्रहालय आहे. अंतराने ते पुण्यापेक्षा जवळ पडते.

कोणता प्राणी दर्शनी भागात ठेवलेला आहे हे अधूनमधून बदलते. म्हणून तिकीट काढतानाच ‘स्टार कासवं आज बघायला मिळतील का, आणि कुठल्या बाजूला?’ असे विचारून घ्या (स्टार कासव म्हणजे पाठीवर चांदण्यांसारखी पिवळी नक्षी असलेले जमिनीवरचे कासव). उत्तर मिळाले की आधी तिकडेच जा, वाघ नंतर. सगळीकडे हिंडून पाय दुखायला लागल्यावर कासवासमोर थांबायला मुले तयार होत नाहीत.

कुठला महिना, कुठली वेळ चांगली?

पावसाळा. स्टार कासव कोरड्या, झुडपी मुलखातले असले तरी पाऊस पडला की ते सगळ्यात जास्त हिंडते-फिरते. मिलनाचा काळही तोच. जून-जुलैमध्ये एखादी सर येऊन गेल्यावर कुंपणापाशी उभे राहा, एरवी दगडासारखी पडून असलेली कासवे चालायला लागलेली दिसतील. कोल्हापूरच्या पावसाची सवय असलेल्याला पुण्याच्या सरींची भीती वाटायचे कारण नाही, छत्री घ्या आणि निघा.

उन्हाळ्यात मात्र सकाळी लवकर किंवा उतरत्या उन्हात जा. भर दुपारी ती झुडपाखाली, गवताच्या ढिगात किंवा आडोशाला डोके खुपसून बसतात. थंडीत उलटे असते. सकाळी ती गारठलेली असतात, ऊन चढून अंग तापल्यावरच हालचाल सुरू होते, म्हणून डिसेंबरात साडेदहा-अकराची वेळ चांगली. कासवाला आपल्यासारखी आतून ऊब तयार करता येत नाही, ती बाहेरून घ्यावी लागते. एवढी एक गोष्ट मुलांना सांगितली की ‘ते असं का पडून राहिलंय?’ या प्रश्नाचे उत्तर ती स्वतः शोधतात : ऊन कुठे आहे, सावली कुठे आहे, कासव कुठे आहे.

पण कासव हलतच नाही. पोरं दोन मिनिटांत कंटाळतात. काय करायचं?

मुलांना ‘बघा’ एवढेच सांगून भागत नाही, काय बघायचे तेही सांगावे लागते. चार-पाच कासवे असतील तर प्रत्येक मुलाला एक-एक कासव ‘वाटून’ द्या. आपापले कासव पाठीवरच्या खुणांनी ओळखायचे आणि पंधरा मिनिटे त्याच्यावरून नजर काढायची नाही. स्वतःचे कासव मिळाले की मुले पाहायला लागतात, कारण मग ‘माझं चाललं, तुझं अजून झोपलंय’ हे सुरू होते.

हलत नसलेल्या कासवातही पाहण्यासारखे पुष्कळ असते. त्याचे डोळे उघडे आहेत का मिटलेले? गळ्याची कातडी वर-खाली होते आहे का? ती हालचाल म्हणजे श्वास असे बहुतेकांना वाटते, पण गळा हलवून ते मुख्यतः वास घेत असते. श्वास पाहायचा असेल तर पुढच्या पायांच्या मुळाशी, कवच आणि पाय यांच्या मधल्या सैल कातडीकडे बघा. कासवाच्या बरगड्या कवचाला जोडलेल्या असल्यामुळे आपल्यासारखी छाती फुगवता येत नाही. आतल्या स्नायूंनी ते फुप्फुसे दाबते आणि मोकळी करते. त्या वेळी खांद्यापाशी ती कातडी हळूच आत जाते, बाहेर येते. एकदा नजरेला सापडली की मुलांना ते दुसऱ्याला दाखवल्याशिवाय राहवत नाही.

जमिनीवरचं कासव आणि पाण्यातलं कासव कसं ओळखायचं?

पाय बघा. जमिनीवर राहणाऱ्याचे पाय खांबासारखे जाड, खवलेदार, बोटे वेगळी न दिसणारी. पाण्यातल्याच्या बोटांमध्ये पडदा असतो. समुद्री कासवाचे तर पायच राहिलेले नाहीत, त्यांची वल्ही झाली आहेत. दुसरी खूण पाठीची. जमिनीवरच्या कासवाची पाठ बहुधा उंच घुमटाची, पोहणाऱ्याची चपटी, कारण पाणी कापत जायचे असते.

रंकाळ्यात किंवा पंचगंगेत कधीकधी डोके वर काढणारे जे कासव आपण पाहतो, ते पाण्यातले. आपल्याकडच्या तळ्यांत आणि नद्यांत मऊ पाठीची कासवे असतात, ज्यांच्या कवचावर कडक खवलेच नसतात, वरून कातडी असते. त्यांना प्राणीसंग्रहालयातल्या स्टार कासवाच्या शेजारी ठेवून बघितले, तर ही दोन्ही कासवेच आहेत यावर मुलांचा विश्वास बसत नाही.

समुद्री कासवे हा वेगळाच विषय. ती पाहायची तर प्राणीसंग्रहालय नव्हे, कोकण. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला उन्हाळ्याच्या तोंडाशी ऑलिव्ह रिडलेची पिल्ले समुद्रात सोडतात.

पाठीवरच्या चांदण्या कशासाठी असतात?

लपण्यासाठी. गंमत अशी की पिंजऱ्यातल्या उघड्या मातीवर तेच कासव सगळ्यात उठून दिसते. पण त्याचे घर म्हणजे गुजरात-राजस्थानचा कोरडा पट्टा, दक्षिणेत कर्नाटक, आंध्र, तमिळनाडूतली झुडपी राने आणि श्रीलंका. तिथल्या वाळक्या गवतात उन्हाचे कवडसे पडले की पिवळ्या रेघा आणि काळे पट्टे त्यातच मिसळून जातात, आणि कासवाचा गोल आकार डोळ्याला सापडत नाही. कुंपणात गवताचा झुपका असेल आणि कासव त्यात शिरले, तर मुलांना चार पावले मागे नेऊन शोधायला सांगा.

खवले मोजायलाही लावा. पाठीवर मोठे खवले साधारण १३ असतात : मधल्या ओळीत ५, दोन्ही अंगांना चार-चार. कडेने लहान खवल्यांची किनार वेगळी. प्रत्येक मोठ्या खवल्याच्या मधोमध पिवळा ठिपका असतो आणि त्यातून किरण फाकलेले असतात. दोन कासवांची नक्षी तंतोतंत सारखी नसते, म्हणूनच वर सांगितलेला ‘आपापलं कासव’ हा खेळ जमतो.

कासव कवचातून बाहेर येऊ शकतं का?

नाही, कधीच नाही. कार्टूनमध्ये कवच काढून ठेवलेले कासव दाखवतात, तिथून ही समजूत पक्की झाली आहे. कवच हा त्याचा सांगाडा आहे. पाठीचा कणा आणि बरगड्या आतून त्यालाच जोडलेल्या असतात. पन्नासहून अधिक हाडे एकत्र येऊन ते घडलेले असते आणि त्यावर खवल्यांचा थर असतो. आपली नखे ज्या द्रव्याची बनतात, त्याच केराटीनचे हे खवले. आणखी एक नवल : आपला खांदा बरगड्यांच्या बाहेर असतो, कासवाचा बरगड्यांच्या आत.

कवचाला संवेदना असते. खवल्यांच्या खाली जिवंत हाड असते, त्यात रक्त आणि नसा असतात. वरून खडा मारला की त्याला कळते. ‘अरे, त्याला काय होतंय, दगडच आहे तो’ असे म्हणत कुणी काठीने टकटक करत असेल, तर त्याला तिथल्या तिथे थांबवा.

डोकं आत घेताना फुस्स आवाज का करतं? रागावतं का?

डोके आणि पाय आत घ्यायचे तर आत जागा करावी लागते, मग फुप्फुसातली हवा झटक्यात बाहेर पडते. तो आवाज हवेचा. पण तो ऐकू आला याचा अर्थ कासव दचकले आहे. दोन पावले मागे या, आवाज बंद करा, थोड्या वेळात नाक बाहेर येईल. आधी नाक, मग डोळे, मग बऱ्याच वेळाने मान.

त्याला ऐकू येतं का? दिसतं का?

बाहेरून कान दिसत नाही, पण डोळ्याच्या मागे पातळ कातडीखाली कानाचा पडदा असतो. खालच्या पट्टीतले आवाज आणि जमिनीची थरथर त्याला चांगली कळते, म्हणून मुलांनी पाय आपटत पळत येणे वाईट. नजर मात्र चांगली आहे, रंगही दिसतात. लाल-पिवळ्या फुला-फळांकडे ते लगेच वळते.

नर कुठला, मादी कुठली?

स्टार कासवात मादी मोठी, चांगलीच मोठी. नर लहान, पण त्याची शेपटी लांब आणि जाड, एका बाजूला दुमडून ठेवलेली. मादीची आखूड. नराच्या पोटाकडचे कवच किंचित खोलगट असते, म्हणजे मिलनाच्या वेळी मादीच्या गोल पाठीवर तोल राहतो. हे कुंपणाबाहेरून दिसणार नाही. तेव्हा आकार आणि शेपटी या दोन खुणांवर भागवायचे.

पिल्लाचे लिंग अंड्यातच ठरते आणि ते मातीच्या उबेवर अवलंबून असते. घरटे जास्त उबदार असेल तर माद्या, कमी उबदार असेल तर नर. नववी-दहावीच्या मुलांना जीवशास्त्राच्या तासाला एक्स-वाय गुणसूत्रे शिकवलेली असतात, त्यांना हे ऐकून धक्का बसतो. तो बसू द्यावा, मग पुढचा प्रश्न आपोआप येतो : हवामान तापत गेले तर या कासवांचे काय होणार?

एक कासव दुसऱ्याला धडका मारत होतं. भांडण होतं का?

दोन नर असतील तर भांडण. पुढच्या कवचाने धक्का देऊन दुसऱ्याला बाजूला सारायचे किंवा उलटे पाडायचे, ही त्यांची रीत. पण नर मादीलाही धडका देतो, तिच्या मागे मागे फिरतो, वाट अडवतो. पावसाळ्यात हे नेहमी दिसते. मुले विचारतात आणि मोठी माणसे ‘चला पुढं’ म्हणत त्यांना ओढून नेतात. ‘त्यांची अंडी घालायची वेळ जवळ आली आहे’ एवढे सरळ सांगितले तरी पुरते, मुलांना त्यात काही वावगे वाटत नाही.

उलटं पडलं तर स्वतःचं स्वतः उठतं का?

बहुतेक वेळा हो. मान आणि पाय ताणून ते अंग हेलकावते आणि एका कुशीवर येऊन सरळ होते. त्यातही स्टार कासवासारख्या उंच घुमटाच्या कासवाला हे सोपे जाते, तळ जड केलेल्या बाहुलीसारखे ते पाठीवर सहसा स्थिर राहत नाही. चपट्या पाठीच्या कासवाला मात्र लांब मानेचा जोर लावावा लागतो.

हंगेरीतल्या गाबोर डोमोकोश आणि पीटर वार्कोनी या दोघा संशोधकांनी २००६ मध्ये ‘गोम्बोत्स’ नावाची एक वस्तू बनवली. कशीही ठेवली तरी ती आपोआप एकाच बाजूवर येऊन थांबते, आणि आत कुठेही वजन लपवलेले नाही, सगळी करामत आकाराची. नंतर त्यांनी कासवांच्या कवचांची मापे घेतली तेव्हा भारतीय स्टार कासवाचे कवच या आकाराच्या फार जवळ जाणारे निघाले. गणिताच्या शिक्षकांनी सहलीत कासवांपाशी अवश्य थांबावे, असे मला मनापासून वाटते.

कुंपणात एखादे कासव बराच वेळ उलटे पडलेले दिसले, विशेषतः उन्हात, तर स्वतः हात घालू नका. जवळच्या कर्मचाऱ्याला बोलवा.

कासव खातं कसं? दात असतात का?

दात नसतात. पोपटाच्या चोचीसारख्या कडक कडा असतात, त्यांनी तोडते. स्टार कासव शाकाहारी : गवत, पाला, फुले, खाली पडलेली फळे. प्राणीसंग्रहालयात सकाळी पालेभाज्या टाकतात. ती वेळ साधता आली तर सोडू नका.

एका मोठ्या मादीला कुंपणालगत जास्वंदीचे फूल खाताना मी पाहिले, त्यातले बारकावे सांगतो. आधी तिने फुलाजवळ नाक नेले आणि नुसती थांबली. मग मान थोडी मागे घेऊन जबडा उघडला, तेव्हा आत गुलाबी, जाडसर जीभ दिसली. पहिला चावा चुकला, फूल घरंगळले. तिने घाई केली नाही. उजवा पुढचा पाय उचलून पाकळीवर ठेवला, दाबला आणि मान मागे ओढली. पाकळी कापडासारखी टर्रकन फाटली. तोंडात घेतलेला तुकडा न चावताच दोन-तीन हिसक्यांत आत गेला, आणि जबड्याच्या कडेला लाल रस लागून राहिला. तेवढे खाऊन तिने डोळे मिटले, उघडले आणि पुन्हा पाय उचलला. एवढ्याशा फुलाला केवढा वेळ लागला, पण बघणाऱ्यांतले एकही मूल हलले नाही.

आपण काही खायला दिलं तर चालेल का? काकडी, केळं?

नाही. भडंग, चिवडा, बिस्कीट, पाव तर नाहीच, पण घरून आणलेली स्वच्छ काकडीसुद्धा नाही. त्यांचा आहार ठरलेला असतो. तंतू भरपूर आणि साखर कमी, असेच त्यांचे पोट बनलेले आहे. गोड फळे जास्त झाली की पोट बिघडते. आणि कासवाला बरे नाही हे बाहेरून लवकर कळत नाही, कळते तोवर उशीर झालेला असतो. वन्यजीव संरक्षण कायद्यातही प्राणीसंग्रहालयातल्या प्राण्यांना खाऊ घालणे, डिवचणे, आरडाओरडा करणे आणि कचरा टाकणे याला मनाई आहे. रिकामा पुडाही आत जाऊ देऊ नका. वाऱ्याने उडालेला प्लॅस्टिकचा तुकडा कासव पाला समजून खाऊ शकते.

कवचावरच्या गोलांवरून वय मोजता येतं ना?

झाडाच्या खोडासारखे नाही. खवल्यांवर वाढीच्या रेषा असतात, पण एका वर्षाला एकच रेष असा हिशोब नसतो. खाणे-पाणी मुबलक असलेल्या काळात जास्त रेषा उमटतात, आणि म्हातारपणी घासून पुसट होतात. पिंजऱ्यात वाढलेल्या कासवात तर हा अंदाज आणखीच फसतो.

आयुष्य मात्र मोठे. स्टार कासव अनेक दशके जगते. त्याचे दूरचे थोरले भाऊबंद, म्हणजे महाकाय कासवे, शंभरी सहज ओलांडतात. सेंट हेलेना बेटावरचा जोनाथन साधारण १८३२ चा मानला जातो. कोलकात्याच्या अलिपूर प्राणीसंग्रहालयात ‘अद्वैत’ नावाचे अल्डाब्रा जातीचे कासव होते. ते २००६ मध्ये गेले, तेव्हा त्याचे वय अडीचशेच्या घरात असावे असे सांगितले गेले. महाकाय कासव पाहायची इच्छा असेल तर हैदराबादच्या नेहरू प्राणी उद्यानाचा बेत करा.

कासवी नुसत्या नजरेनं पिल्लं वाढवते म्हणतात. खरं का?

हा प्रश्न आजी-आजोबांकडून येतो. संतांच्या वाणीत कासवीची दृष्टी हा मायेचा दाखला म्हणून वारंवार येतो आणि तो तिथे शोभतोही. प्रत्यक्षात मादी मागच्या पायांनी खड्डा खणते, त्यात मोजकी अंडी घालते, माती सारखी करते आणि निघून जाते. अंडी उबवते ती जमीन. काही महिन्यांनी पिल्ले बाहेर येतात, ती पहिल्या दिवसापासून आपल्या पायांवर, आईची आणि त्यांची गाठही पडत नाही. खणताना तिचे काम पाहण्यासारखे असते. मागे वळून न बघता, नुसत्या मागच्या पायांच्या स्पर्शाने ती खड्डा गोल आणि गुळगुळीत करते.

अंबाबाईच्या देवळातलं कासव कुठल्या जातीचं?

हे एका लहान मुलीने विचारले होते आणि मला प्रश्न फार आवडला. किरणोत्सवाच्या बातम्यांत ‘किरणे कासव चौकापर्यंत पोहोचली’ असे आपण दरवर्षी वाचतो, त्याच कासवाबद्दल ती विचारत होती. देवळातली कासवे कूर्माचे प्रतीक म्हणून घडवलेली असतात, कुणा एका जातीचे चित्र म्हणून नव्हे. पण मुलांना पुढच्या वेळी देवळात गेल्यावर पाय, मान आणि पाठ निरखायला सांगा : पाय खांबासारखे की वल्ह्यासारखे, पाठ उंच की चपटी, खवले कोरलेत का. गावोगावच्या मंदिरांत ही कासवे निरनिराळी सापडतात. जुना पाथरवट नदीतले कासव बघून मूर्ती घडवत होता की नुसत्या परंपरेने, हे ताडण्यात एक अख्खा रविवार जाऊ शकतो.

कासव पांढरं काहीतरी टाकत होतं. आजारी होतं का?

खडूच्या लगद्यासारखे पांढरे असेल तर बहुधा ते मूत्रातले युरिक आम्ल. पाणी वाचवण्याची त्याची ही तऱ्हा, काळजी नको. काळजीच्या खुणा वेगळ्या : नाकातून बुडबुडे किंवा पाणी, सुजलेले डोळे, तोंड उघडे ठेवून श्वास, मान लुळी पडलेली. असे काही दिसले तर कर्मचाऱ्याला शांतपणे सांगा, कोणते कासव ते खुणेने दाखवा.

कवचाचे खवले टेंगळासारखे वर आलेले दिसले तर? स्टार कासवात थोडे उंचवटे नैसर्गिक असतात. फार टोकदार उंचवटे मात्र लहानपणी कोरड्या हवेत, चुकीच्या खाण्यावर वाढल्याची खूण असू शकते. अशी कासवे पुष्कळदा कुणाच्या तरी घरातून किंवा तस्करांच्या पेटीतून सुटून आलेली असतात.

स्टार कासव घरी पाळलं तर? लाभतं म्हणतात.

पाळू नका. हा गुन्हा आहे. स्टार कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. पकडणे, विकणे, विकत घेणे, घरात ठेवणे, सगळ्याला किमान ३ आणि कमाल ७ वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. २०१९ पासून आंतरराष्ट्रीय व्यापारावरही सर्वात कडक बंदी आहे.

शिक्षेपेक्षा मला दुसरी गोष्ट जास्त लागते. वन्यजीवांच्या व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या ‘ट्रॅफिक’ या संस्थेच्या नोंदीनुसार २००९ ते २०१९ या दहा वर्षांत भारतात १ लाख ११ हजारांहून अधिक कासवे अवैध व्यापारात अडकली, आणि त्यातली निम्म्याच्या आसपास स्टार कासवे होती. पाय आत ढकलून, चिकटपट्टीने गुंडाळून, मोज्यांत कोंबून, बॅगेत थरावर थर रचून ती नेतात. कुणाच्या तरी दिवाणखान्यात ‘लाभावे’ म्हणून. लाभ हवा असेल तर उंबऱ्याजवळ पितळेचे कासव ठेवा, त्याला उपाशी राहावे लागत नाही.

‘वीस नखांचं कासव’ गुप्तधन दाखवते, अशीही एक भोंदूगिरी आपल्या भागात फिरते आणि त्यापायी कासवे पकडली जातात. प्राणीसंग्रहालयात गेलात की मुलांना स्टार कासवाची नखे मोजायला लावा : पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार, एकूण अठरा. मऊ पाठीच्या कासवाला प्रत्येक पायाला तीन, म्हणजे बारा. स्वतः मोजलेले मूल अशा थापांना सहसा बळी पडत नाही.

आमच्याकडे बाजारातून आणलेलं छोटं हिरवं कासव आहे. मोठं झालंय, रंकाळ्यात सोडू का?

अजिबात नको. डोळ्यामागे लाल पट्टा असेल तर ते अमेरिकेतले रेड इअर्ड स्लायडर. रुपयाच्या नाण्याएवढे असताना विकतात, वाढून ते ताटलीएवढे होते. तळ्यात सोडले की आपल्या देशी कासवांचे खाणे आणि उन्हाला बसायच्या जागा बळकावते, शिवाय रोगही नेते. आहे तोवर नीट सांभाळा. सांभाळणे शक्यच नसेल तर वनविभागाला किंवा प्राणी बचाव करणाऱ्या माहितीतल्या संस्थेला विचारा. प्राणीसंग्रहालयाच्या तळ्यात गुपचूप सोडून येणारेही असतात, तेही तितकेच चूक.

शेतात, रस्त्यावर किंवा पुरानंतर अंगणात कासव सापडलं तर?

रस्त्यावर असेल तर आधी गाड्यांपासून वाचवा. ज्या दिशेला चालले होते त्याच बाजूला, कडेला ठेवा. उचलताना दोन्ही हातांनी कवचाच्या मधोमध धरा. शेपटीला धरून कधीही उचलू नका, आणि मऊ पाठीचे असेल तर तोंडापासून हात लांब, ते कडकडून चावते. २०१९ किंवा २०२१ सारखा पूर आला की पंचगंगेचे पाणी ओसरताना एखादे कासव मागे राहू शकते. त्याला बादलीत दूध-भात देऊन ठेवू नका. वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा. स्टार कासव सापडले तर हमखास फोन करा. ते इथल्या नदीकाठचे नाही, कुणाकडून तरी सुटलेले किंवा टाकलेले असण्याचीच शक्यता जास्त.

फोटो काढताना काय सांभाळायचं?

फ्लॅश बंद. मोबाइल कुंपणाच्या आत घालू नका. खाली बसा, म्हणजे डोळे कासवाच्या पातळीला येतात. वरून काढलेल्या फोटोत नुसते कवच येते, बसून काढलात तर चेहरा येतो. जाळी असेल तर लेन्स जाळीला टेकवा, मग जाळी दिसत नाही.

शाळेच्या प्रकल्पासाठी मुलांनी काय लिहून आणायचं?

तारीख, वेळ, ऊन होते की ढग, आणि एका कासवाने पंधरा मिनिटांत काय केले ते दर मिनिटाला एका ओळीत. ‘झोपलेले’ हीसुद्धा नोंद आहे, ती गाळायची नाही. त्याखाली पाठीच्या नक्षीचे चित्र, आठवणीने नव्हे तर समोर बघून. चित्र सुबक नसले तरी चालेल, पण खवले तेराच्या तेरा यायला हवेत. नेटवरून उतरवलेली दोन पानांची माहिती शिक्षकांनी स्वीकारू नये. पुढच्या वर्षी त्याच वर्गाला दुसऱ्या ऋतूत नेता आले तर दोन्ही वह्या शेजारी ठेवा. डिसेंबरातली ओळ आणि जुलैतली ओळ यांतला फरक मुले स्वतः वाचून दाखवतील. वही भरली, की हात साबणाने धुवायला लावा. कुंपणाच्या कठड्याला हात लागलेले असतात, कासवांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात आणि यानंतर सगळ्यांना डबे उघडायचे असतात.